गोतावळ्याला खालची पायरी

बाईंनी चौथीच्या वर्गात शेकडो पोरांच्या चुका लाल पेन्सिलीने गोल करून दाखवल्या होत्या. पण स्वतःची चूक पर्समध्ये घालून, जिना चढून, साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवायची वेळ त्यांच्यावर एकसष्टाव्या वर्षी आली. वीज निरीक्षकाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात त्या दोनदा थांबल्या. मागून येणारा नवऱ्याचा मित्र पक्कडही दोन्ही वेळा दोन पायऱ्या खाली थांबला. परत फिरायचं का वहिनी, असं त्याने हळूच विचारून पाहिलं, तर बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो आणखी एक पायरी खाली सरकला.

पर्समध्ये वहीच्या अर्ध्या पानाएवढा एक कागद होता. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात एक बेरीज होती आणि बेरजेखाली एक आकडा, सव्वाशे. या आकड्याने एका बाईमाणसाचा जीव घेतला याबद्दल बाईंच्या मनात आता शंका उरली नव्हती. खापर मात्र फुटत होतं त्यांच्या नवऱ्याच्या डोक्यावर, आणि नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते. मेलेल्या माणसाच्या माथी काहीही मारावं, तो काय उठून भांडायला येतोय!

तसा तो जिवंत असतानाही भांडला नसता म्हणा. कारखान्यांच्या मोटरींची वायरिंग करणारा नावाजलेला मिस्त्री, पण बाजारात त्याचं नाव पडलं होतं न्यूट्रल. दोन भाऊ भांडू देत की दोन शेजारी, हा कधी कुणाची बाजू घ्यायचा नाही. दोघांचं ऐकून घेई, दोघांकडचा चहा पिई आणि घरी येई. पक्कड हा त्याचा तीस वर्षांचा जोडीदार. हातात कायम पक्कड, म्हणून तेच नाव. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागे. आणि बाईंना बाई म्हणायचे ते गल्लीतले सगळेच, त्यांचा नवरासुद्धा. शाळा सोडून बावीस वर्षं झाली तरी बाईपण काही सुटलं नव्हतं.

झालं होतं ते असं. शहराच्या कडेला हॉस्पिटलच्या चादरी धुणारी एक लाँड्री होती. तिथल्या मोटरींचं काम न्यूट्रलने केलेलं, त्याचं शेवटचं मोठं काम. तो गेल्यावर चार महिन्यांनी एका दुपारी, सगळी यंत्रं चालू असताना, तिथली मुख्य केबल तापून तापून पेटली. धूर वर चढला. वरच्या मजल्यावर चादरींच्या घड्या घालणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांना खाली उतरता आलं नाही. बाकीचे सगळे वाचले. बाई त्या मावशींच्या घरी भेटायला म्हणून गेल्या होत्या. उंबऱ्यापर्यंत गेल्या, आत भिंतीशी बसलेली माणसं पाहिली, आणि तशाच मागे फिरल्या.

चौकशीत निघालं की केबलच्या मानाने तिच्यावरचा ब्रेकर, म्हणजे भार वाढला की पडून वीज तोडणारं बटण, मोठा होता; केबल तापली तरी तो पडला नाही. शंभराचा हवा तिथे सव्वाशेचा. मालकाने मागाहून कपडे सुकवायची दोन यंत्रं वाढवली होती, ते तो कबूल करत होता. पण म्हणत होता की पुढचा विचार करून मोठा ब्रेकर मिस्त्रीनेच बसवला, आम्ही त्याला बोटही लावलेलं नाही. पक्कडने जबाबात सांगितलं की आम्ही शंभराचाच बसवला होता. पण जोडीदाराच्या शब्दाला पुरावा कोण म्हणतं? बाईंनाही वाटलं, बिचारा मित्रासाठी खोटं बोलतोय. कारण खरं काय ते बाईंच्या घरात होतं, बिस्किटांच्या डब्यात, कार्बनच्या निळ्या अक्षरात.

आता हे ब्रेकरचं गणित काय ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. एका कारखान्यात पाचसहा मोटरी असतात. प्रत्येकीची वेगळी तार, वेगळा ब्रेकर. पण त्या सगळ्यांना मिळून वीज आणणारी एकच जाड केबल असते, तिला फीडर म्हणतात. मोटर सुरू होताना भसकन करंट ओढते आणि मग वळणावर येते. सगळ्या काही एकदम सुरू होत नाहीत, म्हणून फीडर ठरवताना सगळ्यांत मोठ्या मोटरीचा करंट सव्वापट धरायचा, बाकीच्यांचा आहे तेवढाच मिळवायचा. मग त्या फीडरवर राखण करणारा ब्रेकर. त्याचा हिशोब वेगळा: मोठ्या मोटरीचा स्वतःचा ब्रेकर जेवढा असेल त्यात बाकीच्यांचा करंट मिळवायचा. येईल त्या बेरजेएवढा ब्रेकर बाजारात असतोच असं नाही. शंभराचा मिळतो, त्यानंतर एकदम सव्वाशेचा. एकट्या मोटरीचं असेल तर वरचा आकडा घ्यायची मुभा आहे, नाहीतर ती बया सुरूच व्हायची नाही. फीडरला ती मुभा नाही. तिथे खालीच उतरायचं. बाईंनी पोरांना पाढे शिकवावेत तसं याचं एक वाक्य करून ठेवलं होतं: एकटीला वरची पायरी, गोतावळ्याला खालची.

एका प्राथमिक शिक्षिकेला ही उठाठेव कशाला, असं कुणालाही वाटेल. त्यांची एकुलती एक मुलगी नवव्या वर्षी तापात गेली. ती चौथीत होती आणि बाई चौथीलाच शिकवत होत्या. पंधरा दिवसांनी त्या शाळेत गेल्या, हजेरी घ्यायला वही उघडली, आणि मुलीच्या नावापर्यंत येऊन थांबल्या. वही मिटून घरी आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत. मग नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या. पुढ्यात ठेवलेलं गार होऊन जायचं. कुणी काही विचारलं तर हं म्हणायच्या.

अशात एका संध्याकाळी न्यूट्रल कामावरून आला आणि एक चिठ्ठी त्यांच्यासमोर धरून उभा राहिला. चिठ्ठीवर चार मोटरींचे आकडे होते. म्हणाला, बेरीज जमत नाहीये. सकाळपासून तीनदा केली, तीन उत्तरं आली. डोकंच चालत नाही गं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. त्यांना वाटलं, पोरीबरोबर याचं गणितही गेलं. त्यांनी पेन्सिल मागितली. शाळेतून परत आल्यापासून त्यांनी मागितलेली ती पहिली वस्तू. बेरीज केली, नियम समजावून घेतला, दोन शंका काढल्या, आणि तुम्ही परवान्याची परीक्षा पास तरी कसे झालात, असं तोंडावर विचारलं. तो डोकं खाजवत हसला.

त्या दिवसापासून हा रिवाज पडला. कुठलंही मोठं काम आलं की न्यूट्रल मोटरींवर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांवरचे आकडे उतरवून आणायचा, बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गणित मांडायच्या. सगळ्यांत मोठ्या मोटरीला गोल. तिचे सव्वापट. बाकीच्यांची बेरीज. खाली केबल, त्याखाली ब्रेकर. कार्बन घालून दोन प्रती. एक त्याच्या खिशात, एक बिस्किटांच्या डब्यात. बाई कधी कामाच्या जागी गेल्या नाहीत, पण त्यांना माहीत होतं की ब्रेकर बसवतात त्या पॅनेलच्या लोखंडी दाराच्या आतल्या अंगाला न्यूट्रल ते गणित खिळ्याने कोरून ठेवतो. शाई उडते, कागद गळून पडतो, कोरलेलं राहतं. मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे की हा आकडा का घेतला, असं तो म्हणायचा. आपलं गणित शहरभरच्या लोखंडी दारांच्या पाठीमागे कोरलेलं आहे, याचं बाईंना मनातून फार अप्रूप होतं. बोलून दाखवायच्या नाहीत. न्यूट्रलला मात्र सात आणि आठ किती हेसुद्धा विचारावं लागे, आणि बाई जाताजाता पंधरा म्हणायच्या. दुःखाने माणसाचं एखादं अंग लुळं पडतं तसं याचं गणित पडलं, आता आपणच सांभाळून घ्यायला हवं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या सांभाळण्यापायीच त्या रोज सकाळी उठत होत्या.

आणि मग तो बुधवार. तो त्यांना मिनिटामिनिटाने आठवत होता. न्यूट्रलच्या पोटात महिनाभर दुखत होतं. मंगळवारी रिपोर्ट आणायला त्या एकट्याच गेल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. पाच महिने, फार तर सहा. बाई बसने घरी आल्या, आणि बसमध्येच त्यांनी ठरवलं की याला सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जेवढे दिवस आहेत तेवढे हसतखेळत जाऊ देत. अल्सर आहे म्हणाल्या, तिखट बंद, गोळ्या वेळेवर. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तो लाँड्रीचे आकडे घेऊन आला. सहा मोटरी. कपडे पिळायच्या यंत्राची सगळ्यांत मोठी, अठ्ठावीस अँपिअरची. बाईंनी गणित मांडलं. केबलचं उत्तर सत्त्याऐंशी आलं, त्यांनी नव्वदची केबल लिहिली. मग मोठ्या मोटरीच्या स्वतःच्या ब्रेकरचे सत्तर, बाकीच्यांचे बावन्न, ब्रेकरची बेरीज आली एकशे बावीस. आणि हात आपोआप लिहून गेला, सव्वाशे. तीनचा तर फरक.

न्यूट्रलने चिठ्ठी वाचली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाचली. मग म्हणाला, "एकदा बघून घेतेस का?"

बाई उसळल्याच. बावीस वर्षांत कधी चुकलेय का मी, म्हणाल्या. तो नाही गं म्हणाला, कधीच नाही. चिठ्ठीची घडी करून त्याने खिशात टाकली आणि ओट्याशी उभा राहून दोन पेले पाणी प्यायला.

पुढचे पाच महिने तो उद्याच्याच गोष्टी बोलत राहिला. बरा झालो की ह्यांव करू, बरा झालो की त्यांव करू. मधेच घरातला फ्यूज बोर्ड वरून काढून खाली घेतला. मला आता स्टुलावर चढवत नाही म्हणाला. बाईंना भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला, बोटांच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली. तुझा हात पुरतो तिथे माझाही पुरेल, म्हणाला. प्रत्येक बटणाखाली मोठ्या अक्षरात नावं चिकटवली. बाईंना त्याची कीव यायची. काही म्हणजे काही माहीत नाही बिचाऱ्याला. मोरीत जाऊन, नळ सोडून रडायच्या आणि तोंड धुऊन बाहेर यायच्या. तो गेला तेव्हा त्या ऊर बडवून रडल्या, पण आत कुठेतरी एक समाधान होतं: शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

ते समाधान आगीच्या बातमीने जाळून टाकलं. मोठा ब्रेकर, सव्वाशेचा, हे शब्द कानावर पडले आणि बाईंनी डबा उघडला. निळा सव्वाशे तिथे बसला होता. गोतावळ्याला वरची पायरी. शाळेतल्या पोराने असं लिहून आणलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं. तीन महिने त्यांना धड झोप नव्हती. एकदा वाटायचं गप्प बसावं, आता सांगून मावशी थोड्याच परत येणार आहेत. पण अहवालावर नवऱ्याचं नाव लागणार होतं. ज्याने तीस वर्षांत एक सैल स्क्रू मागे सोडला नाही, त्याच्या नावापुढे एक मरण लिहिलं जाणार होतं, आणि तेही बायकोच्या चुकीपायी. ते त्यांना सोसेना. शेवटी त्यांनी पक्कडला फक्त एवढंच सांगितलं की मला निरीक्षकांना भेटायचंय, बरोबर ये.

पक्कड बाहेर बाकावर बसला. बाई आत गेल्या. निरीक्षक चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, टेबलावर फायलींची चळत. त्याने बाईंना खुर्ची दिली. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. गणित नवरा करत नव्हता, मी करत होते. त्यांचं गणित मुलीमागे गेलं होतं. हा आकडा माझा. ते बसवणारे, चुकले असतील तर एवढंच की बायकोवर विश्वास टाकला. अहवालात नाव घालायचंच तर माझं घाला.

निरीक्षकाने कागद दोनदा वाचला. मग थकल्या आवाजात म्हणाला की बाई, तुम्ही हा कागद आज लिहून आणला नाहीत कशावरून? नवऱ्यासाठी माणसं काय वाटेल ते करतात.

बाईंचा पारा चढला. चूक कबूल करायला आलेल्या माणसाला खोटं ठरवतात म्हणजे काय! त्या म्हणाल्या, "पॅनेलचं दार कुठे आहे? त्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने माझंच गणित कोरलेलं असेल. पुसून बघा."

दार इमारतीच्या मागच्या शेडमध्ये होतं, इतर जप्त सामानाबरोबर भिंतीला टेकवून ठेवलेलं. बाहेरून काळं, आतून त्याहून काळं. आगीच्या धगीने वाकडंतिकडं झालेलं ते दार शिपायाने जमिनीवर आडवं केलं. आतली बाजू कुणी धड बघितलीच नव्हती. काजळीखाली काय आहे हे कुणाच्या डोक्यात येणार? शिपायाने रॉकेलचा बोळा फिरवला. बाई वाकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता आपलाच आकडा आपल्याला खायला उठणार. पक्कड बाकावरून उठून शेडच्या दारापर्यंत आला होता, पण आत आला नाही.

काजळी निघत गेली तसे पांढरे ओरखडे दिसायला लागले. न्यूट्रलचा हात, जरा उजवीकडे झुकलेला. वर तारीख, त्या बुधवारनंतरच्या गुरुवारची. मग सहा आकडे एकाखाली एक, अठ्ठावीसला गोल. मग सत्तर अधिक बावन्न, एकशे बावीस. शिपायाने आणखी एकदा बोळा फिरवला.

ब्रेकर शंभर.

त्याखाली बारीक आकड्यांत ब्रेकरच्या अंगावर कंपनीने छापलेला नंबरही कोरलेला होता. निरीक्षक गुडघ्यांवर बसला. त्याने मोबाइलचा उजेड पाडून नंबर वाचला, फाइल मागवली, जळालेल्या ब्रेकरचा नंबर काढून ताडून पाहिला. दोन्ही वेगळे होते. म्हणजे बसवला होता तो शंभराचाच. मागून यंत्रं वाढली, शंभराचा सारखा पडायला लागला, आणि पडतो कशाला हे बघायचं सोडून कुणीतरी तो काढून सव्वाशेचा ठोकला. राखणदार झोपत नाही म्हणून राखणदारच बदलला. निरीक्षक उठला, हात झटकले आणि म्हणाला की आता मालकाला पुन्हा बोलवावं लागेल.

बाई अजून दाराकडेच बघत होत्या. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण आधी आलं ते दुसरंच. हे गणित त्यांचं नव्हतं. त्यांच्या कागदावर नसलेला आकडा इथे होता. ज्याला सात आणि आठ किती हे सांगावं लागे, त्याने एकट्याने, उभ्याने, लोखंडावर न खोडता हे कोरलं होतं.

"साहेब, माझ्या आकड्यानेही हेच झालं असतं," त्या म्हणाल्या. "मावशी तशाच गेल्या असत्या."

"असत्या," निरीक्षक म्हणाला. खोटा दिलासा देणाऱ्यांतला तो नव्हता. "पण तुमचा आकडा इथे लागलाच नाही, बाई."

वर ऑफिसात त्याने जबाब लिहायला घेतला. बाईंचा कागद त्याने त्यांच्यासमोर सरकवला. जे बसलं ते दारावर आहे, याचा आता संबंध नाही, म्हणाला. मग पेन उघडून विचारलं की फीडरचं गणित कोणी केलं होतं. बाईंनी कागदाची घडी घातली. बावीस वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर त्यांच्याकडे होतं, आणि ते कुणी विचारावं अशी त्यांची फार इच्छा असायची.

"त्यांनी," बाई म्हणाल्या. निरीक्षकाने तसं लिहून घेतलं आणि बाईंनी खाली सही केली.

बाहेर बाकावर पक्कड मान खाली घालून बसला होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या. समोरून फायली घेतलेली माणसं ये-जा करत होती. मग बाईंनी विचारलं की त्यांना गणित येत होतं ना रे. पक्कडने मान हलवली. कधीपासून, विचारलं, तर म्हणाला की गेलंच कधी होतं? वहिनी, माझ्यादेखत तो तोंडी करायचा. तुम्ही नुसत्या बसून असायचात म्हणून त्याने ती युक्ती काढली. आधी स्वतःचं गणित दारावर कोरायचा, मग खिशातून तुमची चिठ्ठी काढून ताडून बघायचा. दर वेळी जुळायचं. जुळलं की दारावर थाप मारायचा आणि म्हणायचा, बाई पास.

बाईंना हसू आलं आणि लगेच गेलं. एवढा पुरावा त्या दारावर होता तर तीन महिने मूग गिळून का बसलास, असं त्यांनी जरा कडकच विचारलं. पक्कडने डोळे पुसले. म्हणाला की रोज या फाटकापर्यंत यायचो आणि परत जायचो. दाराचं नाव काढलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, आणि त्याने मला शपथ घातली होती.

"कसली शपथ?"

पक्कडने त्या गुरुवारचं सांगितलं. न्यूट्रलने दारावर गणित कोरलं. चिठ्ठी काढली, बघितली, आणि केबलच्या भेंडोळ्यावर खाली बसला. पक्कडला वाटलं पोटात दुखतंय, म्हणून तो पाणी घेऊन गेला.

"मला म्हणाला, 'पक्कड, मला अल्सर नाहीये.' मी म्हटलं, कोण म्हणतं? तर त्याने तुमची चिठ्ठी पुढे केली. म्हणाला, 'बाई गोतावळ्याला चुकल्या. पोरगी गेली तेव्हासुद्धा नाही चुकल्या. काल घरी बघितलं तेव्हा वाटलं माझंच चुकत असेल, म्हणून आज दारावर करून बघितलं. परवा ती डॉक्टरकडे जाऊन आलीये.'"

बाईंनी पर्सचा पट्टा घट्ट धरला होता.

"मग म्हणाला, 'मला कळलंय हे तिला कळता कामा नये. ती मला जपतेय. जपू दे.'"

बाई घरी आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. पक्कड दारापर्यंत आला होता, त्याला त्यांनी आत बोलावलं नाही. चपला काढून त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्यूज बोर्डासमोर उभ्या राहिल्या. बटणांखालची मोठी अक्षरं, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी. नळाची मोटर. फ्रीज. बाईंची खोली. बाईंची खोली असंच लिहिलं होतं, आपली खोली नाही, आणि एवढे महिने त्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्याने बोर्ड खाली घेतला तेव्हा रिकामपणचे उद्योग म्हणून त्या याला हसल्या होत्या. रिकामपण कसलं! माणूस पाच महिने आवराआवर करत होता, आणि त्या नळ सोडून रडत होत्या, आणि तो बाहेर उभा राहून ते पाणी ऐकत असणार.

"लबाड," त्या म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या. मग टेबलाशी जाऊन बसल्या आणि या वेळी नळ न सोडता रडल्या.

बऱ्याच वेळाने उठल्या. घरात अंधारून आलं होतं. बोर्डाच्या वरच्या कडेशी भिंतीवर ती पेन्सिलीची रेघ अजून होती, पुसट झालेली. बाईंनी हात वर केला. बोटं बरोबर रेघेला टेकली, टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. त्यांनी दिवा लावला.